भुऱ्याचा लिटर बॉक्स : सहा महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

३ जून

भुऱ्या घरी येऊन आज बावीस दिवस झाले आणि दाराजवळचे पायपुसणे आज तिसऱ्यांदा धुवावे लागले. चार वर्षांचा, नसबंदी झालेला आणि ४.६ किलो वजनाचा हा बोका एरवी अत्यंत टापटिपीचा आहे; शी न चुकता लिटर बॉक्समध्येच (मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या, ओल शोषणारे दाणेदार ‘लिटर’ भरलेल्या खोक्यात) करतो, शू मात्र अधूनमधून पायपुसण्यावर होते. घरात याविषयी दोन मते आहेत. वहिनींच्या मते ही खोडी आहे, तर दादाच्या मते त्याचा आपल्यावर राग आहे. मला दोन्ही पटत नाहीत. राग धरून घरातली नेमकी मऊ, कोरडी आणि ओल शोषून घेणारी जागा शोधायची, हा फारच हिशेबी राग झाला.

सध्याची मांडणी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काय बदलले ते कळेल. बॉक्स ४० बाय ३० सेंटिमीटरचा, वर झाकण आणि पुढे झुलते दार असलेला आहे. तो वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला आहे. त्यात फुलांच्या वासाचे लिटर आहे आणि त्याचा थर बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी आहे. लिहिता लिहिता असे लक्षात आले की लहान आकार, झाकण, आडोशाची जागा आणि सुगंध हे चारही निर्णय आपण आपल्या सोयीने घेतले, भुऱ्याला विचारात घेऊन यातला एकही घेतलेला नाही.

४ जून

बॉक्सला हात लावण्यापूर्वी भुऱ्याला पशुवैद्यांकडे नेले. बॉक्सच्या बाहेर शू होण्याचे कारण मूत्रमार्गाचा दाह, खडे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकीही काही असू शकते, आणि तसे असेल तर बॉक्स कितीही मोठा आणला तरी उपयोग नाही. मूत्रतपासणीत काही आढळले नाही, तेव्हा प्रश्न मांडणीचाच आहे असे धरून पुढे जाण्यास हरकत नाही.

६ जून

आज मोजमाप केले. भुऱ्या ताटलीत तोंड घालून उभा असताना शिवणकामाच्या टेपने नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घेतली. ती ४६ सेंटिमीटर भरली. बॉक्सची लांबी मांजराच्या या लांबीच्या किमान दीडपट असावी असे मानले जाते, म्हणजे भुऱ्याला सुमारे ७० सेंटिमीटर हवेत आणि आपण त्याला ४० दिले आहेत.

त्यानंतर जुन्या बॉक्सचे झुलते दार काढून ठेवले आणि तो आत गेल्यावर जमिनीवर आडवे पडून पाहिले. पुढचे पाय आत टाकून त्याने एकदा उकरले, वळण्याचा प्रयत्न केला, खांदा झाकणाला घासला, आणि वळणे अर्धवट सोडून तो तसाच बसला. त्याचे डोके आतल्या भिंतीला टेकलेले होते आणि मागचा भाग बरोबर उंबरठ्यावर होता. शूची धार झाकण आणि टब यांच्या सांध्यावर पडली आणि तिथून एक ओघळ बाहेर आला. बाहेर पडल्यावर त्याने लिटर न उकरता बॉक्सची बाहेरची भिंत चार वेळा खरवडली आणि तो निघून गेला. बाजूचे प्लॅस्टिक किंवा शेजारची फरशी खरवडणारे मांजर पाहून लोक हसतात, पण आत नीट उभे राहता न आल्याची किंवा लिटर पायाला न रुचल्याची ती बहुधा खूण असते.

८ जून

बाजारात मांजरांसाठी म्हणून मिळणारे बहुतेक बॉक्स ७० सेंटिमीटरचे नसतात, म्हणून कपडे साठवण्याचे तीन प्लॅस्टिकचे टब आणले. वरून ७० बाय ४५, तळाशी ६२ बाय ३८ आणि उंची ३५ सेंटिमीटर. भुऱ्याला आत-बाहेर करता यावे म्हणून लांबीच्या एका टोकाला २५ सेंटिमीटर रुंद आणि तळापासून १३ सेंटिमीटरवर येईल अशी खाच आखली, तिच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आधी छिद्रे पाडली आणि मग बारीक दातांच्या करवतीने कापली. छिद्रे पाडली नसती तर कोपऱ्यातून तडा गेला असता. पहिल्या टबाला तो गेलाच, तेव्हा हे शहाणपण दुसऱ्या टबापासूनचे आहे. कडा आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासून घेतली, कारण भुऱ्या उतरताना पोट कडेला टेकवतो. तडा गेलेली जागा आतून-बाहेरून चिकटपट्टीने तात्पुरती बंद केली आहे.

झाकण केलेले नाही. झाकण हवे की नको याविषयी मांजरांमध्ये एकमत नाही. पुष्कळ मांजरांना दोन्ही सारखेच चालते आणि काहींचा एकाकडे स्पष्ट कल असतो. माझी हरकत वेगळी आहे. झाकणामुळे वास आत कोंडतो, तो माणसाच्या नाकाला येत नाही म्हणून माणूस सफाई पुढे ढकलतो, आणि ज्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे त्याला मात्र त्या कोंडलेल्या वासात जाऊन बसावे लागते.

९ जून

आज लिटरचा प्रश्न हाती घेतला. मांजर शी-शू झाकते हे आपण गृहीत धरतो, पण ही सवय त्याला माणसाने लावलेली नाही. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि नैर्ऋत्य आशियातील रानमांजर. कोरड्या प्रदेशात, मोकळ्या मातीत उकरणारा प्राणी. आपल्या घरातल्या मांजराचा पंजाही बारीक, मऊ, सरकणारे कणच शोधतो, आणि तसे काही मिळाले नाही तर त्याला पायपुसणे, कुंडीतली माती किंवा धुतलेल्या कपड्यांचा ढीग जवळचा वाटतो.

पूर्वी लोक राख, वाळू किंवा माती घालत. १९४७ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड लो यांनी ओल शोषणारी दाणेदार चिकणमाती मांजरांसाठी विकायला सुरुवात केली आणि मांजर घरात ठेवणे पुष्कळ सुसह्य झाले. ती माती फुलर्स अर्थ या जातीची होती, म्हणजे आपण जिला मुलतानी माती म्हणतो तिचीच ही बहीण; तोंडाला लावण्याची वस्तू मांजराच्या टबातही तेच काम करते, ओल आणि तेल ओढून घेते. गोळे होणारे लिटर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. त्यात सोडियम बेंटोनाइट असते. या मातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगून एकमेकांना धरतात. त्यामुळे शू जिथे पडते तिथेच तिचा गोळा होतो आणि बाकीचे लिटर कोरडे राहते.

तिन्ही टब दिवाणखान्याच्या एका भिंतीशी शेजारी-शेजारी मांडले. एकात बिनवासाचे बारीक बेंटोनाइट, दुसऱ्यात तीच माती पण सुगंधी, तिसऱ्यात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या. तिन्हींत थर ६ सेंटिमीटर. पेन्सिलीवर खूण करून तपासला. एका टबाला (मापाच्या लिटरने) सुमारे चौदा लिटर माल लागला, हे पाहून दादाने भुवया उंचावल्या. परंतु थर पातळ असेल तर शू तळापर्यंत जाते, गोळा टबाच्या बुडाला चिकटतो, खरवडताना फुटतो आणि त्याचे ओले तुकडे चांगल्या लिटरमध्ये मिसळून सगळा टब नासतो. थोडे घालून केलेली काटकसर आठवड्याभरात अशी अंगावर येते.

१५ जून

सहा दिवसांचा हिशेब असा. शूचे अठरा गोळे. त्यांपैकी चौदा बिनवासाच्या बेंटोनाइटमध्ये, तीन सुगंधी मातीत आणि एक लाकडाच्या गोळ्यांत. लाकडाच्या गोळ्यांचा गोळा होत नाही, त्या ओलाव्याने विरघळून भुसा होतात, म्हणून तिथे भुशाची एक ओली जागा मोजली. टबांच्या जागा मी दर दोन दिवसांनी आपसांत बदलत होतो, नाहीतर भुऱ्या लिटर निवडतो आहे की कोपरा निवडतो आहे हे कळले नसते.

लाकडाच्या गोळ्यांच्या टबात शिरताना त्याने पाय उचलून झटकलेला दोनदा पाहिला. निर्णय झाला, आणि त्यावर आणखी विचार करण्याचे कारण नाही.

१६ जून

पायपुसणे फेकून दिले. फरशीचा प्रश्न उरला. मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते आणि तो उग्र दर्प येतो. शिवाय मांजराच्या, विशेषतः नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते, आणि ते विघटित झाल्यावर जो वास येतो तो साबणाच्या पाण्याने सहजी जात नाही. आपल्याला येईनासा झाला तरी मांजराला येतो आणि तीच जागा पुन्हा वापरण्याची आठवण देतो. म्हणून एन्झाइमयुक्त द्रावण फरशीच्या सांध्यांत ओतून लेबलावर सांगितल्याप्रमाणे ओले राहू दिले आणि मग पुसले.

वहिनी फिनाईलची बाटली घेऊन आल्या होत्या, तेव्हा घाईघाईने त्यांना थांबवावे लागले. मांजराच्या यकृताला फिनॉलवर्गीय पदार्थांचा निचरा नीट करता येत नाही. फरशीवरचे द्रावण पंजाला लागते, पंजा चाटला जातो आणि विषबाधा होऊ शकते. ब्लीचही नको, कारण मूत्रातील अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन हा घातक वायू तयार होतो. “मग तुमच्या मांजराला पुसायचे तरी कशाने, गुलाबपाण्याने?” असे वहिनी म्हणाल्या. सौम्य साबण, गरम पाणी आणि एन्झाइम एवढ्यावर तह झाला.

१७ जून

कायमची जागा ठरवली. वॉशिंग मशीनच्या मागे पुन्हा जायचे नाही. तिथे आत जाण्याची वाट एकच आहे आणि यंत्र पिळण्याच्या टप्प्यात आले की जमीन थरथरते. शू करायला बसलेल्या मांजराला पळण्याची सोय हवी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी येता-जाता येईल अशी, वर्दळ नसलेली आणि खाण्या-पिण्याच्या भांड्यांपासून लांबची जागा शोधली, तेव्हा मागच्या बोळवजा खोलीतली खिडकीखालची भिंत मिळाली.

टब आज आहे तिथून ती जागा चार मीटर आहे. एकदम उचलून नेला तर भुऱ्या जुन्या जागी जाऊन उभा राहील, म्हणून रोज एक वीत सरकवायचा. पाहुण्यांना मध्येच जमिनीवर टब का आहे हे समजावून सांगावे लागेल, त्याला इलाज नाही.

५ जुलै

टब मुक्कामाला पोहोचला. सतरा दिवसांत बाहेर एकदाही शू झालेली नाही. टबापुढे जाड विणीची चटई टाकली आहे; पंजाच्या बोटांमध्ये अडकलेले कण तीवर झडतात आणि रोज सकाळी परत टबात झटकता येतात.

सफाईची रीत आता बसली आहे. सकाळ-संध्याकाळ जाळीच्या झाऱ्याने गोळे आणि शी काढायची. ओला गोळा लगेच काढायला गेले तर फुटतो, म्हणून अर्धा तास थांबायचे. काढलेले सगळे पिशवीत बांधून कचऱ्यात. संडासात टाकायचे नाही, कारण टबात गोळा करणारी तीच माती नळीतही गोळा करते. जितके काढले तितके नवे लिटर वरून घालून थर पेन्सिलीच्या खुणेपर्यंत आणायचा.

२२ जुलै

घरात गोड बातमी आहे. वहिनींना दिवस गेले आहेत. सकाळची सफाई आतापर्यंत त्या करत, ती आजपासून माझ्याकडे. शेजारून लगोलग सल्ला आला की मांजर कुणालातरी देऊन टाका, म्हणून टोक्सोप्लाझ्माचे (मांजराकडून माणसाला लागू शकणाऱ्या आणि गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीचे) गणित घरात सगळ्यांना बसवून सांगितले. या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, पण बहुधा आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यानंतरचे एक ते तीन आठवडेच. पडल्या पडल्या ती संसर्ग करू शकत नाहीत. तशी होण्यास त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे विष्ठा रोज उचलली जात असेल तर धोका तिथेच पुष्कळसा संपतो. माणसाला लागण होण्याचे मोठे मार्ग अर्धेकच्चे मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती हे आहेत. तरीही गरोदर बाईने टबाला हात लावू नये, हा नियम सोपा आहे आणि तो पाळण्यात कुणाचे काही जात नाही. वहिनींच्या डॉक्टरांनीही मांजर ठेवण्यास हरकत घेतली नाही.

झारा हातात आल्यापासून मी गोळे मोजून वहीत लिहू लागलो आहे. रोज साधारण तीन गोळे, लिंबाएवढे, शी एकदा.

१९ ऑगस्ट

सकाळी झारा घातला तर अकरा गोळे निघाले, आणि एकही वाटाण्याहून मोठा नव्हता. दोनदा मोजले. इतक्यात भुऱ्या स्वतःच आला, टबात बसला, पाठीची कमान करून बराच वेळ तसाच राहिला, एक थेंब पडला, बाहेर येऊन त्याने मागचा भाग चाटला आणि दोन मिनिटांत पुन्हा आत जाऊन बसला. बद्धकोष्ठ झाला असेल, संध्याकाळपर्यंत वाट पाहू, असे दादा म्हणाला. अनेक घरांत नेमका इथेच वेळ जातो. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट द्रव्याच्या बुचाने पूर्ण बंद झाली तर मूत्र मागे तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुंथणारा बोका शीसाठी कुंथतो आहे की शूसाठी, हे दुरून पाहून कळत नाही. गोळ्यांवरून कळते.

पशुवैद्यांनी पोट चाचपून मूत्राशयाचा दाह असल्याचे सांगितले. मार्ग अरुंद झाला आहे, पण बंद झालेला नाही. वेदनाशामक औषध दिले, ओले अन्न वाढवायला आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवायला सांगितले, आणि बारा तासांत शू झाली नाही तर रात्री-अपरात्रीसुद्धा घेऊन या, असे बजावले.

रात्री सव्वादोन वाजता टबाशी बसून लिहितो आहे. आताच एक गोळा पडला. आवळ्याएवढा आहे.

२७ ऑगस्ट

गोळे पुन्हा लिंबाएवढे होऊ लागले, पण आता भुऱ्या टबापाशी येतो, खाचेवरून आत डोकावतो आणि परत जातो. काल त्याने न्हाणीघराच्या कोपऱ्यात शू केली. दुखणे या टबात झाले, म्हणून दुखणे टबामुळे झाले, असा त्याचा समज झालेला दिसतो. आजारातून उठलेल्या मांजरांमध्ये हे वारंवार घडते. रागावून किंवा उचलून टबात बसवून हा समज दृढच होईल.

जून महिन्यातला दुसरा टब अडगळीतून काढला, त्यात तेच लिटर भरले आणि तो अगदी वेगळ्या ठिकाणी, दादाच्या अभ्यासिकेत दाराआड न येईल असा ठेवला. खरे तर मांजरांच्या संख्येपेक्षा एक टब जास्त असावा हा सर्वमान्य संकेत मला जूनपासून माहीत होता, पण एका बोक्याला दोन संडास ही चैन वाटून मी तो टाळला होता.

४ सप्टेंबर

नवीन टब लगेच पत्करला. जुन्या टबातही परवापासून एखादा गोळा दिसू लागला आहे. गंमत अशी की आता तो शी मागच्या खोलीत आणि शू बहुतेक वेळा अभ्यासिकेत करतो. पुष्कळ मांजरांना ही दोन कामे एकाच जागी उरकणे आवडत नाही. दादाने अभ्यासिकेची तक्रार एकदा केली आणि मग रोज संध्याकाळचा झारा स्वतःच्या हाती घेतला.

११ ऑक्टोबर

नेहमीचे लिटर संपले होते आणि मी हाताला लागले ते, मक्याच्या भरड्यापासून केलेले, वजनाला हलके लिटर आणून दोन्ही टब एकदम त्यानेच भरले. संध्याकाळपर्यंत भुऱ्याने दोन्हींकडे पाहून नाक मुरडले आणि कुंडीतली माती पसंत केली. चूक सर्वस्वी माझी. लिटर बदलायचेच असेल तर जुन्यात पाव भाग नवे घालून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे, आणि तेसुद्धा एका वेळी एकाच टबात, म्हणजे दुसरा त्याच्या भरवशाचा राहतो. रात्री जुने लिटर मिळवून दोन्ही टब पूर्ववत केले. कुंडीच्या मातीवर मोठे गोटे पसरले आहेत.

२ नोव्हेंबर

महिन्याची धुलाई. दोन्ही टब रिकामे करून सौम्य साबणाने आणि गरम पाण्याने घासले, उन्हात पूर्ण वाळवले. ओलसर टबात लिटर घातले तर तळाला चिखलाचा थर बसतो. पहिल्या टबाच्या बुडावर नखांचे ओरखडे दाट झाले आहेत आणि नाक जवळ नेले तर धुतल्यानंतरही वास येतो, कारण तो आता चरांत मुरला आहे. शिवाय चिकटपट्टीखालचा तडा वाढला आहे. हा टब बाद. त्याच्या जागी तिसरा ठेवला. यापुढे वर्षाला एक टब जाणार हे धरून चालायचे.

टब बदलताना तळाशी मूठभर जुने स्वच्छ लिटर घातले, म्हणजे ओळखीचा वास राहिला. तासाभरात वापर झाला.

३० नोव्हेंबर

महिन्याभराची वही जुळवली. शूचे गोळे एकूण ८८, कमीत कमी दिवसाला दोन, जास्तीत जास्त चार. आकारात फरक नाही. शी ३१ वेळा. टबाबाहेर काहीही नाही. गोळे अचानक मोठे आणि संख्येने जास्त होऊ लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाची तपासणी, लहान आणि पुष्कळ झाले तर त्याच दिवशी दवाखाना, एवढे वहीच्या पहिल्या पानावर दादाच्या अक्षरात लिहिले आहे. वही झाऱ्याशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधली आहे आणि वहिनी बाळंतपणासाठी माहेरी जाण्यापूर्वी तिला पेन्सिलही बांधून गेल्या.

उद्या लिटर आणायचे आहे. बिनवासाचे, बारीक.